टाचेतला थेंब

बंगळूरहून होसूर रस्त्याने निघालं की इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती मागे पडतात, बोम्मसंद्रचे कारखाने लागतात आणि चंदापूरच्या चौकात उजवीकडे वळलं की आनेकल. रेशमाच्या मागांसाठी ओळखलं जाणारं हे तालुक्याचं गाव. कन्नडमध्ये ‘आनेकल्लू’ म्हणजे पावसात पडणारी गार. गारेचा काही नेम नसतो. एका वावरातलं उभं पीक ती झोडपून काढते आणि बांधापलीकडच्या वावरात एक पानही फाटत नाही.

तान्ह्या बाळांच्या काही आजारांकडे आपला समाज असंच बघत आला. थोरलं मूल आठवड्याच्या आत गेलं, दुसरंही तसंच गेलं, शेजारच्या घरात मात्र पाचही मुलं ठणठणीत. याला कधी दैव म्हटलं गेलं, कधी दृष्ट आणि बहुतेक वेळा सुनेचा पायगुण. या गारपिटीमागे हिशेब असतो, तो मांडता येतो आणि वेळेत मांडला तर मूल वाचू शकतं, हे जगाला उमगायला विसाव्या शतकाची पहिली साठ वर्षं गेली. भारतात हा हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडण्याचा पहिला प्रयत्न कर्नाटकात, बंगळूरहून झाला. साल होतं १९८०. हिशेब बरोबर आला. त्यापुढचं काम मात्र चाळीस वर्षांनंतरही पुरतं झालेलं नाही.

पाचवीच्या आत

अशा जन्मजात आजारांची संख्या शेकड्यांत आहे. त्यातला एकच जवळून पाहू. इंग्रजीत त्याचं नाव मेपल सिरप युरिन डिसीज.

हा आजार घेऊन आलेलं बाळ जन्मतं तेव्हा कुणाला शंका येण्यासारखं काहीच नसतं. वजन चांगलं, रडणं खणखणीत. पोटात असताना त्याच्या रक्तात जे साचत होतं ते वारेतून आईच्या रक्तात जात होतं आणि आईचं शरीर ते निस्तरत होतं. नाळ कापली की ही सोय संपते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ अंगावर नीट ओढेनासं होतं. सुस्तावतं. मग कधी लुळं पडतं, कधी धनुष्यासारखं ताठ होतं, कधी सायकल चालवल्यासारखे हातपाय हलवतं. उपचार मिळाले नाहीत तर आठवड्या-दहा दिवसांत ते बेशुद्धीत जातं आणि दगावतं. आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात, ती बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. या आजाराचा लेखही नेमका त्याच दिवसांत वाचायला मिळतो, फक्त तो लिहिलेला असतो गर्भ राहिला त्या क्षणी.

त्या लेखाची भाषा रसायनाची आहे. आपण खातो ती प्रथिनं पोटात सुटी होऊन अमिनो आम्लं बनतात. शरीर त्यांतली हवी तेवढी वापरतं, उरलेली मोडून टाकतं. मोडण्याच्या प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला असतं. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांना मोडताना एक पायरी सामाईक लागते. त्या पायरीवरचं विकर जन्मापासूनच निकामी असेल तर तिन्ही आम्लं रक्तात तुंबतात. त्यातलं ल्युसिन सगळ्यात घातक, कारण ते मेंदूवर चालून जातं आणि मेंदूला सूज येते. आईचं दूध, जे एरवी अमृत, तेच इथे दर पाजण्यागणिक भर घालत राहतं.

या आजाराला वास असतो. बाळाच्या लघवीला आणि कानातल्या मळाला पाश्चात्त्यांना मेपलच्या पाकाचा वास आला म्हणून तसं नाव पडलं. मराठी घराला तो वास वेगळ्या नावाने ओळखता येईल. तो मेथीचा वास आहे. भाजलेल्या मेथीला जो गोडसर, जळक्या साखरेसारखा गंध असतो तो सोटोलोन नावाच्या द्रव्याचा, आणि हेच द्रव्य पुढे या रुग्णांच्या लघवीत सापडलं. यात एक फसगतही आहे. बाळंतपणाच्या सुमारास आईने मेथी खाल्ली असेल तर पूर्ण निरोगी बाळालाही तसाच वास येऊ शकतो, आणि त्यावरून डॉक्टरांची धावपळ उडाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जिथे बाळंतिणीला मेथीचे लाडू ठरलेलेच असतात तिथे नुसत्या नाकावर भिस्त ठेवता येत नाही. रक्तच तपासावं लागतं.

वासाचा माग

रक्त तपासायचं ते कशासाठी, हे कळण्याआधी शरीरात अशी चूक असू शकते हेच कुणाला माहीत नव्हतं. ती पहिल्यांदा ओळखली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरने. त्याच्याकडे येणाऱ्या काही मुलांची लघवी हवेत राहिली की काळी पडे. या आजाराला अल्कॅप्टन्युरिया म्हणतात. गॅरडच्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप एकमेकांची सख्खी चुलत-मावस-मामे भावंडं आहेत. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नुकतेच, १९०० साली, पुन्हा उजेडात आले होते. आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसनशी चर्चा करून गॅरडने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि १९०२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. १९०८ च्या व्याख्यानांत त्याने या आजारांना ‘चयापचयातल्या जन्मजात चुका’ असं नाव दिलं. त्या काळात मेंडेलचे नियम वाटाण्यांचे मानले जात. गॅरडने ते माणसाच्या लघवीत शोधले होते. फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

पुढचा धागा एका आईने धरून ठेवला. नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलँड यांची दोन मुलं, लिव आणि डाग, जन्मतः चांगली होती पण वाढता वाढता मतिमंद झाली. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक चमत्कारिक वास येतो, हे त्या भेटेल त्या डॉक्टरला सांगत राहिल्या. १९३४ मध्ये ऑस्लोचे अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी ते ऐकून घेतलं. लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली, आणि असा हिरवा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. आईकडून बाटल्यांवर बाटल्या मागवून त्यांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. मग मतिमंदांच्या संस्थांतल्या ४३० जणांची लघवी तपासली तर आणखी आठ जण तसेच निघाले. हा फिनाइलकीटोन्युरिया. फिनाइलॲलनिन नावाचं अमिनो आम्ल मोडत नाही म्हणून होणारा.

नाव मिळालं तरी उपाय नव्हता. तो १९५१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात आकाराला आला, आणि तिथेही एक आई अडून बसली होती म्हणूनच. शीला नावाच्या सतरा महिन्यांच्या मुलीला हा आजार असल्याचं डॉक्टर हॉर्स्ट बिकल यांनी सांगितलं. आईला निदानात रस नव्हता. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून उपचार कधी मिळणार म्हणून विचारत राहिली. अखेर बिकल आणि त्यांचे सहकारी जेरार्ड व हिकमन्स यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ लुई वुल्फ यांच्या सल्ल्याने दुधातलं प्रथिन सुटं केलं, कोळशातून गाळून त्यातलं फिनाइलॲलनिन काढलं आणि उरलेलं शीलाला पाजलं. काही महिन्यांत तिचं सततचं रडणं थांबलं, ती रांगू लागली, आधार धरून उभी राहिली. मग तिच्या खाण्यात ते आम्ल पुन्हा मिसळून पाहिलं तर ती पुन्हा घसरली. अन्नाने होणारा मेंदूचा आजार अन्नानेच आवरता येतो, याचा हा पहिला पुरावा.

मेपल सिरपचा आजारही ओळखला गेला तो याच काळात. बोस्टनमध्ये जॉन मेंकीस या तरुण डॉक्टरने १९५४ मध्ये एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. चार भावंडं जन्मल्यावर थोड्याच आठवड्यांत दगावली होती आणि चौघांच्याही लघवीला तोच पाकाचा वास होता. पुढच्या दहा वर्षांत तुंबणारी तीन आम्लं ओळखली गेली आणि ती वगळून केलेला आहारही तयार झाला.

उपाय हाताशी आला तसा वेळेचा प्रश्न पुढे आला. शीलाचा मेंदू उपचारांआधीच पुष्कळ बिघडला होता. लक्षणं दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर. मग लक्षणांआधी ओळखायचं कसं? हे कोडं अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी सोडवलं. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, आणि एका भाचीचं फिनाइलकीटोन्युरियाचं निदान फार उशिरा झालं होतं. त्यांची युक्ती टीपकागदाची. नवजात बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचायची, रक्ताचे थेंब जाड टीपकागदावर टिपायचे, वाळवायचे आणि पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचे. तिथे कागदाची छोटी टिकली जिवाणूंच्या थरावर ठेवली की रक्तात ते आम्ल जास्त असेल तर टिकलीभोवती जिवाणू वाढत. ना बाटली, ना बर्फ, ना इंजेक्शनची सिरिंज. १९६१ ते १९६३ मध्ये ४ लाख बाळांची अशी तपासणी झाली, ३९ रुग्ण सापडले. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती कायद्याने बंधनकारक केली.

आत्याबाई आणि सोदरमावा

ही तपासणी भारतात, आणि त्यातही कर्नाटकात, पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर का करावीशी वाटली, याचं एक कारण आपल्या लग्नांत आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावती कर्वे यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक १९५३ मध्ये आलं. त्यात त्यांनी देशाचा लग्नाचा नकाशा मांडला. उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेत नात्यातलंच लग्न चांगलं मानलेलं. मामेबहिणीशी, आतेबहिणीशी, इतकंच काय, सख्ख्या भाचीशीही. महाराष्ट्र मधल्या उंबऱ्यावर. इथे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क सांगणारे समाज पुष्कळ, पण मामा-भाचीचं लग्न अनेकांच्या कानाला खटकतं. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. मामेबहिणीशी लग्न झालं की मुलीची आत्याच तिची सासू होते, त्या रीतीची ही खूण जिभेवर राहून गेली. कर्नाटकात ‘सोदरमावा’ म्हणजे आईचा भाऊ आणि ‘मावा’ म्हणजे सासराही. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळूर मराठी माणसाला परकं नाही, पण तिथल्या अनेक घरांत ‘अक्कन मगळु’, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, ही भावासाठी पहिली पसंती असते, हे आजही आपल्याला नवल वाटतं. मुलगी नात्यातच राहते, तिच्यावर माया असते, जमीन बाहेर जात नाही. चाल टिकली ती अशा शहाण्या कारणांनी.

आता गॅरडला दिसलेला हिशेब मांडून पाहू. प्रत्येक माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम निभावतं. अशा माणसाला आजार नसतो, त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर खेपेला चारात एक शक्यता असते की मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतील. पहिलं मूल गेलं म्हणून दुसरं सुटत नाही, आणि दुसरं गेलं म्हणून तिसरं जाणारच असंही नाही.

समजा, एखाद्या आजाराचा वाहक दोनशे माणसांत एक आहे. परक्या घराण्यांत लग्नं होत राहिली तर १,६०,००० बाळांमागे एकाला तो आजार होईल. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नांतून होणाऱ्या बाळांत हे प्रमाण ६,४०० मागे एकाच्या घरात जातं आणि मामा-भाचीच्या लग्नांत ३,२०० मागे एकाच्या. कारण आजीकडे किंवा आजोबांकडे असलेली एकच बिघडलेली प्रत दोन वाटांनी खाली उतरून एकाच पाळण्यात भेटते. यात सुनेचा पायगुण नाही की तिचं एकटीचं रक्त नाही. दोन्ही बाजूंनी निम्मा-निम्मा वाटा असल्याशिवाय हा आजार होतच नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी. ३,२०० मागे एक म्हणजे बाकीची ३,१९९ बाळं त्या आजारापासून सुटलेली. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या अशी लग्नं करणाऱ्या गावाला त्यात वावगं काही दिसत नाही.

लाखावर टाचा

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जीवरसायनशास्त्रज्ञ एन. अप्पाजी राव, त्यांच्या सहकारी एच. एस. सावित्री, डॉक्टर ए. राधा रमा देवी आणि लंडनहून आलेले आनुवंशिकीतज्ज्ञ ॲलन बिटल्स यांनी १९८० मध्ये कर्नाटकात नवजात बालकांची तपासणी सुरू केली. प्रश्न दुहेरी होता. अमिनो आम्लांचे हे आजार इथल्या सर्वसाधारण लोकसंख्येत कोणते आणि किती? आणि नात्यातल्या लग्नांशी त्यांचा संबंध किती?

पद्धत साधी आणि चिकाटीची. टाचेतून रक्ताचा थेंब. त्यातली अमिनो आम्लं क्रोमॅटोग्राफीने वेगळी करायची. या तंत्रात रक्ताचा अंश एका थरावर ठेवून त्याचं टोक द्रावणात बुडवतात. द्रावण वर चढतं, आणि सोबत अमिनो आम्लंही चढतात, पण प्रत्येकाची चाल वेगळी. म्हणून ती एकमेकांपासून सुटी होऊन थरावर जागोजागी थांबतात. रंग देणारं रसायन फवारलं की तिथे तिथे ठिपके उमटतात. एखादा ठिपका नेहमीपेक्षा गडद दिसला की तपासणाऱ्याने थांबायचं, नमुना बाजूला काढायचा, पुन्हा तपासायचा. संगणकीय यंत्रांच्या आधीच्या त्या काळात हे काम डोळ्यांनी केलं जाई. १९८८ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तपासलेल्या बाळांचा आकडा १,१२,२६९ झाला होता. टायरोसिन तुंबण्याचा आजार, मेपल सिरपचा आजार, फिनाइलकीटोन्युरिया, सगळे सापडले. गोऱ्या लोकांचे म्हणून वाचलेले आजार इथल्या पाळण्यांतही होते.

त्यासोबत आईवडिलांच्या नात्याचीही नोंद होत गेली. १९८० ते १९८९ या दशकात १,०७,५१८ लग्नांची माहिती जमली. त्यांतली ३१.४ टक्के नात्यातली निघाली. हिंदूंमधल्या लग्नांत मामा-भाचीची २१.३ टक्के, म्हणजे पाचात एकाहून जास्त. शिक्षण वाढलं, शहरं वाढली की ही चाल आपोआप विरून जाईल, असं पुष्कळांना वाटत होतं. दहा वर्षांच्या आकड्यांत तशी काही ठळक उतरण दिसली नाही.

बिटल्स यांनी पुढे जगभरातल्या अशा लग्नांचा अभ्यास केला आणि बालमृत्यूंचं सगळं खापर नात्यातल्या लग्नांवर फोडण्याविरुद्ध ते सावध करत राहिले. गरिबी, आईचं लहान वय, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर, यांचाही हात त्यात असतो आणि तो वेगळा काढल्याशिवाय चालीला दोष देणं चूक, असं त्यांचं म्हणणं. कर्नाटकच्या कामातून मिळालेला हा समतोल मला त्यातल्या आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

मग एवढं कळल्यावर राज्याने ही तपासणी कायमची का केली नाही? त्या वर्षांतला दुसरा एक आकडा बघावा लागतो. १९८० मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ११४ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, कमी वजन. या गर्दीत हजारांत किंवा लाखात एखादं बाळ अमिनो आम्लाने गेलं, हे कुणाला दिसणार? बहुतेक ठिकाणी त्याच्या कागदावर ‘जंतुसंसर्ग’ लिहिलं जाई, कारण दोन्हींची लक्षणं सारखीच.

दुसरी अडचण त्याहून कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेली विल्सन आणि युंगनर यांची तत्त्वं सांगतात की ज्या आजारावर मान्य उपचार आहे आणि तो देण्याची सोयही आहे, त्याचीच सरसकट तपासणी करावी. मेपल सिरपच्या बाळाला तीन अमिनो आम्लं वगळलेली खास पावडर लागते, आणि ती परदेशातून यायची. निदान हातात आहे आणि डबा नाही, अशा डॉक्टरने आईला काय सांगायचं? बंगळूरच्या चमूने आजार शोधून दाखवला. थेंबापासून डब्यापर्यंतची साखळी उभारणं प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं नव्हतं.

डबा आणि तराजू

ही साखळी त्यानंतर तुकड्यातुकड्याने जुळत आली. राधा रमा देवी हैदराबादला गेल्या आणि तिथल्या चार प्रसूतिगृहांतल्या १८,३०० बाळांची तपासणी त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. चयापचयाचे आजार हजारांत एकाच्या घरात निघाले. तोवर रक्ताच्या एका ठिपक्यातून काही मिनिटांत डझनावारी आजार ओळखणारं टँडम मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र जगात रुळलं होतं. २००८ मध्ये गोव्याने सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली, आणि गोव्यातल्या बाळांचे टीपकागद तपासायला जात ते बंगळूरलाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ ते २०१२ मध्ये मुंबईसह पाच शहरांत १,०४,०६६ बाळं तपासली. जन्मजात थायरॉइडची कमतरता ११३० मागे एका बाळात आढळली. तिचा उपाय म्हणजे रोज एक स्वस्त गोळी.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. मुलांमधले तीस प्रकारचे दोष आणि आजार हुडकण्याची ही योजना; चयापचयाच्या आजारांसाठी टाचेचं रक्त मात्र तिच्या सक्तीच्या यादीत आलं नाही. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आलं, मागे घेतलं गेलं आणि मार्च २०२१ मध्ये नव्याने मंजूर झालं. त्यात आहारावर तगणाऱ्या आजारांचा गट वेगळा मांडला आहे आणि मेपल सिरपचा आजार त्यात नावानिशी आहे. उपचारांसाठी नेमलेल्या पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं केईएम आहे आणि बंगळूरचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स, इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेच्या जोडीने. हे सेंटर इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे, आनेकलच्या वाटेवर.

निदान वेळेत झालं तर पुढे काय? मोठं कष्टाचं, पण चालण्याजोगं आयुष्य. अशा घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर सोनाराच्या काट्यासारखा नाजूक तराजू असतो. शंभर ग्रॅम तांदळात साधारण सात ग्रॅम प्रथिनं, तूरडाळीत त्याच्या तिप्पट. म्हणून भात मोजून चमच्यांनी, वरण जवळजवळ बंद, दूध-पनीर-अंडी नाहीतच. शरीर वाढायला लागणारी बाकीची प्रथिनं त्या खास पावडरीतून. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, त्यामुळे आपला उपासाचा पदार्थ इथे मुलाचं पोट भरायला धावून येतो, पण त्यात शेंगदाण्याचं कूट घालायचं नाही. आणि खुद्द उपास तर अजिबात चालत नाही. ताप आला, उलट्या झाल्या, खाणं थांबलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं आणि त्यातलं ल्युसिन पुन्हा रक्तात तुंबतं. इतर मुलांचा दोन दिवसांचा सर्दीताप या मुलाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. काही मुलांना यकृताचं रोपण करून या तराजूतून सोडवता येतं. घरातल्या रुग्णाचा जनुकीय दोष नक्की कळलेला असेल तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणीही करता येते.

तिसऱ्या दिवसाची भेट

२०२० पर्यंत देशातला अर्भकमृत्यूचा आकडा हजारी २८ वर आला होता. चाळीस वर्षांत ही गर्दी विरळ झाली आणि गर्दीत लपलेले आजार उघडे दिसू लागले.

ही गर्दी विरळ करण्यात महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचा वाटा आहे. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. बाळ ओढत नाही, रडणं क्षीण झालं, अंग सैल पडलं, अशी लक्षणं त्या बाया टिपत आणि जंतुसंसर्गावर घरीच उपचार करत. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये त्याच धर्तीवर देशभर घरोघरी नवजात सेवा सुरू झाली. आज आनेकल तालुक्यातली आशा कार्यकर्तीही बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, चौदाव्या दिवशी दारात येते, ती त्या गडचिरोलीच्या वाटेने.

ओढत नाही, रडणं क्षीण, अंग सैल. मेपल सिरपच्या बाळाचीही पहिली लक्षणं हीच. आणि टाचेचं रक्त घ्यायची योग्य वेळ म्हणजे जन्मानंतरच्या ४८ ते ७२ तासांतली, म्हणजे बाळंतीण दवाखान्यातून घरी आलेली असते तेव्हाची. तिसऱ्या दिवशी दारात उभ्या असलेल्या आशाच्या पिशवीत वजनकाटा असतो, तापमापक असतो. टीपकागद अजून नसतो. तो तपासणारी यंत्रं त्याच तालुक्याच्या वाटेवर, होसूर रस्त्यालगत, तासाभराच्या अंतरावर आहेत.